वास येतो, सर

आमच्या सरांना सापाची भीती नव्हती, मुख्याध्यापकांची नव्हती, मरणाचीही फारशी नव्हती. भीती एकाच गोष्टीची होती. आपल्या तोंडाला वास येत असेल, तो सगळ्या गावाला कळत असेल आणि आपल्याला मात्र कोणी सांगणार नाही. "ज्याचा वास येतो त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक असतं," असं ते नेहमी म्हणायचे आणि स्टाफरूममध्ये आम्ही त्यावर पोट धरून हसायचो. शेवटी ते त्यांच्याच बाबतीत खरं झालं. ते खरं करणारा माणूस मी होतो. सरांना जाऊन आता काही महिने झाले. लिहून टाका, मन हलकं होईल, असं बायको म्हणते. मला तसं वाटत नाही, पण लिहितो.

खालापूरहून कुंभिवलीकडे जाताना हायवेच्या कडेला आमची शाळा आहे. एका अंगाला गोडाऊन, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं, आणि वारा फिरला की कुठल्या तरी कारखान्याचा उग्र दर्प थेट वर्गात. मी मूळचा घाटावरचा. नोकरी लागली म्हणून खाली उतरलो आणि खालापुरात भाड्याची खोली घेऊन राहिलो. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांनी हात मिळवले. एका उंच, काटकुळ्या गृहस्थांनी मात्र चार हातांवरूनच नमस्कार केला. पांढरा शर्ट, आणि खिशाला पेनाच्या शेजारी एक दातणाची काडी. हे भूगोल शिकवतात असं कोणीतरी सांगितलं. मला वाटलं, माणूस शिष्ट दिसतोय.

मधल्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "सर, जरा पाण्याच्या टाकीकडे येता का?"

टाकी शाळेच्या मागे होती. तिथे दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी एकदा मागेपुढे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "राग येईल. येऊ द्या. तुमच्या तोंडाला वास येतो."

माझे कान तापले. मी म्हणालो, "तुम्हाला कोणी विचारलं?"

"कोणीच इचारत नाय, म्हणून तर सांगतो," ते म्हणाले. "एकदाच सांगणार. परत बोलणार नाय. हिरड्यांचा हाय, पोटाचा नाय. दातवाल्या डॉक्टरकडं जा." आणि घंटा व्हायच्या आत ते वर्गावर निघूनही गेले.

पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. रोज तसाच चार हातांवरून नमस्कार. मग एका रविवारी मी चिडून बायकोला हा किस्सा सांगितला. मला वाटलं, ती माझ्या बाजूने त्या मास्तरांना दोन शिव्या घालेल. ती कणीक मळत होती. मळतच राहिली. मी म्हटलं, "अगं, बोल की." तर तिचे डोळे भरले. म्हणाली, "लग्नाला दोन वर्षं झाली. मी कसं सांगणार होते?"

तेव्हा मला कळलं की ती माझ्याशी बोलताना नेहमी दुसरं काहीतरी काम का काढते, भाजी निवडते, कपड्यांच्या घड्या घालते. मी आपला समजत होतो, लाजरी आहे. दोन वर्षं एका खोलीत राहून तिने मला सांगितलं नव्हतं आणि एका परक्या माणसाने एका दिवसात सांगितलं होतं. सोमवारी मीच सरांना टाकीकडे बोलावलं.

कर्जतच्या एका दातांच्या डॉक्टर मॅडमकडे ते मला स्वतः घेऊन गेले. माझ्या हिरड्यांत पू झाला होता, दातांच्या मुळाशी दगडासारखा थर बसला होता. मॅडमनी तो चार फेऱ्यांत काढला. बाकीचा उपचार सरांचा. दात दोन वेळा घासायचे, आणि सकाळपेक्षा रात्रीचं घासणं महत्त्वाचं. दोन दातांच्या फटीतून दोरा फिरवायचा, तो हुंगायचा, मग टाकायचा. जीभ घासायची ती टोकाला नाही. "जिभेच्या मुळाशी जा, सर. शेंड्याला काय नसतं. सगळी घाण मुळाशी." पाणी सारखं प्यायचं, कारण कोरडं तोंड म्हणजे कुजकं तोंड. सकाळी उपाशी घराबाहेर पडायचं नाही. बडीशेप, वेलची, लवंग यांवर त्यांचा विशेष राग होता. "उकिरड्यावर रांगोळी," म्हणायचे. "वास जात नाय, नुसता नटतो."

दीड महिन्याने बायको पहिल्यांदा माझ्यासमोर बसून, हातात काही काम न घेता, अर्धा तास बोलली. काय बोलली ते आठवत नाही. बसली होती एवढं आठवतं.

या वेडामागची गोष्ट त्यांनी मला फार उशिरा सांगितली. तेव्हा मी त्यांना रोज मोटरसायकलवर मागे बसवून शाळेत नेत असे. सर तरुणपणी नवीन नोकरीला लागले तेव्हा त्यांच्याच तोंडाला वास यायचा. तीन वर्षं. वर्गात पोरं नाकाला हात लावत, त्यांना वाटायचं, कारखान्याचा वास. स्टाफरूममध्ये शेजारची खुर्ची कायम रिकामी, त्यांना वाटायचं, आपण भात लावणाऱ्याचं पोर, म्हणून लांब ठेवतात. दोन ठिकाणी लग्नाची बोलणी झाली आणि मुलगी बघून आल्यावर मोडली. कारण कोणी सांगितलं नाही. एक दिवस फळ्यावर कोणा पोराने सरांचं नाव लिहिलं आणि पुढे गटाराचं चित्र काढलं. सरांना चित्राचा अर्थ तेव्हाही कळला नाही. त्यांनी पुसलं आणि नकाशा काढला.

शेवटी सांगितलं ते खालापुरात एस.टी. स्टँडजवळ किराणा विकणाऱ्या चाचांनी. चाचांचं घराणं किनाऱ्याकडून आलेलं, तीन पिढ्या इथेच दुकान. सर साबण घ्यायला गेले होते. दुकानात गर्दी होती. चाचांनी गर्दी हटू दिली, मग सरांना गल्ल्याच्या आत बोलावलं आणि म्हणाले, "मास्तर, राग नका धरू. तुमाला कोनी दुश्मनबी सांगत नाय आनि दोस्तबी सांगत नाय, म्हनून मी सांगतो." आणि एक मिस्वाकची काडी हातात ठेवली. नमाजाच्या आधी दात घासायला त्यांच्याकडे ही वापरतात. टोक चावून मऊ कसं करायचं, हिरडीपासून दाताकडे कसं घासायचं, ते चाचांनी गिऱ्हाईक थांबवून शिकवलं.

"त्या दिवशी मी घरी जाऊन रडलो नाय," सर म्हणाले. "हसलो. म्हटलं, म्हणजे मी माणूस वाईट नव्हतो. तोंड वाईट होतं."

लग्नाचं वय मात्र तोवर उलटत आलं होतं, किंवा त्यांची हिंमत गेली होती. ते धाकट्या भावाच्या घरी, डोंगराकडच्या गावात राहिले. चाचा वारले तरी दर शुक्रवारी त्यांच्या दुकानातून काडी आणायचा नेम चुकला नाही. वास गेला, पण चार हात लांब उभं राहायची सवय गेली नाही. आणि माणसांना टाकीकडे बोलावून सांगायची सवय लागली. शाळेतला एकही शिक्षक त्यातून सुटला नव्हता. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी टाकीकडे नेलं होतं. साहेबांनी शेरा कडक लिहिला, पण दोन महिन्यांनी सरांना फोन करून डॉक्टरांचा पत्ता मागितला.

पोरं त्यांना वासमास्तर म्हणायची. प्रार्थना झाली की सर रांगेतून फिरायचे. "जीभ दाखव रं." "आज घासली नाय ना? खोटं नको बोलू." मनगट चाटायचं, दहा आकडे मोजायचे आणि मग हुंगायचं, ही स्वतःची परीक्षा त्यांनी शाळेतल्या प्रत्येक पोराला शिकवली होती. सगळी शाळा मनगटं हुंगत उभी आहे, हे दृश्य हायवेवरून जाणारे ट्रकवाले वळून बघायचे. सरांचा आणखी एक नियम होता. कोणाच्या तोंडाला वास आला तर चारचौघांत हसायचं नाही. बाजूला घ्यायचं, हळू सांगायचं, एकदाच सांगायचं.

या फिरण्यात आणखी एक काम चालायचं, ते मला वर्षभराने कळलं. रांगेत एखाद्या पोरीजवळ ते जरा जास्त थांबायचे आणि म्हणायचे, "जा गं, टाकीकडं जाऊन चूळ भर." टाकीमागे एक पत्र्याचा डबा असायचा, त्यात फुटाणे आणि गूळ. ज्यांना टाकीकडे पाठवायचे ती पोरं चूळ भरून, मूठभर खाऊन परत यायची. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "भुकेला वास असतो, सर. आंबूस गोड. न घासलेल्या तोंडाचा वेगळा. वाडीवरच्या पोरी काल सांजच्या जेवल्या नाय, तर सकाळी मला कळतं. इचारलं तर नाय म्हणतात. वास नाय म्हणत नाय."

मग ती साथ आली. सगळ्यांनी तोंडाला मास्क बांधले. शाळा पुन्हा उघडली तेव्हा सर एवढे खुशीत होते की आम्हाला त्यांची लाज वाटावी. "आता कळंल एकेकाला," म्हणत. "आपलाच श्वास आपल्याच नाकात. देवानं एकदा तरी परीक्षा घेतली." माझ्या मागे गाडीवर बसताना ते हेल्मेट घालून आधी काच बंद करत, आत एकदा जोरात श्वास सोडत आणि समाधानाने म्हणत, "चला." तीच त्यांची रोजची खात्री होती.

दुसऱ्या लाटेत त्यांना ताप आला. आठ दिवसांत बरे झाले. मी भेटायला गेलो तर ओटीवर बसले होते, हातात ठेचलेली लसणाची पाकळी.

"सर, हे लसूण हाय ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"नक्की?"

मी नक्की म्हणालो. त्यांनी पाकळी पुन्हा नाकाशी नेली आणि खाली ठेवली.

साथीत ज्यांची वासाची जाण गेली होती त्या सगळ्यांची परत आली. त्यांची आली नाही. महिना गेला, सहा महिने गेले. कोणीतरी सांगितलं म्हणून लवंग, लिंबू, निलगिरी रोज हुंगत बसायचे. कारखान्याच्या दर्पाने आम्ही खिडक्या लावायचो, ते शांत बसलेले असायचे. प्रार्थनेनंतर रांगेतून फिरायचे तेव्हा पोरींसमोर थांबायचे, पण काही कळायचं नाही. पुढे त्यांनी डबा टाकीमागून काढून उघड व्हरांड्यात ठेवला. मग तो पहिल्या तासालाच रिकामा व्हायचा, आणि ज्या लाजायच्या त्या लाजायच्याच. "माझं नाक गेलं ते माझं एकट्याचं नाय गेलं," एवढंच एकदा बोलले.

आणि मग ती जुनी भीती परत आली. हेल्मेटमध्ये श्वास सोडून काही कळेना. मनगट चाटून काही कळेना. एका सकाळी तहसील कचेरीच्या कोपऱ्यावर मी त्यांना नेहमीसारखा घ्यायला थांबलो, तर ते गाडीवर बसेनात. म्हणाले, "सर, एक काम कराल? रोज करायला लागंल."

"सांगा ना."

"तुमी माझं नाक व्हा."

त्यांनी मागेपुढे बघितलं, रुमालाने ओठ पुसले, माझ्या तोंडासमोर आले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा माझ्या एवढ्या जवळ आले होते. चष्म्याच्या काचेवर सोडतात तसा त्यांनी श्वास सोडला, "हाऽऽ." आणि म्हणाले, "खरं सांगायचं, हां."

काही वास नव्हता. मी तसं सांगितलं. त्यांचे खांदे खाली आले. कचेरीत दाखल्यासाठी आलेली चार माणसं आमच्याकडे टकामका बघत होती. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी तेच. हळूहळू लोकांनाही सवय झाली.

एके दिवशी वास आला. आदल्या सांजेला त्यांच्याकडे सुकटीची चटणी झाली होती. मी सहज, हसत म्हणालो, "आज जरा येतोय, सर." त्यांचा चेहरा असा उतरला की मी लगेच म्हणालो, "अहो, सुकटीचा आहे." त्यांनी ऐकलं नाही. हेल्मेट गाडीवर ठेवलं आणि घरच्या वाटेला लागले. तीन दिवस शाळेत आले नाहीत. आले ते तोंडाला रुमाल बांधून. मासळी सोडली, कांदा सोडला, लसूण सोडला. स्टाफरूममध्ये बसेनात, टाकीखाली एकटे डबा खायचे. वर्गात रुमालातून शिकवायचे, मागच्या बाकांना ऐकू जायचं नाही. दीड महिना हे चाललं. एका सुकटीच्या चटणीपायी माणूस अर्धा झाला.

तेव्हा मी ठरवलं, यापुढे काहीही असो, 'काही नाही' म्हणायचं. मी त्याला दया म्हणत होतो. खरं सांगायचं तर मला तो चेहरा पुन्हा बघायचा नव्हता. आणि आणखी खरं सांगायचं तर रोज सकाळी दुसऱ्याचा श्वास हुंगायचा मला कंटाळा आला होता. हळूहळू मी एक युक्ती शिकलो. ते "हाऽऽ" करायचे तेव्हा मी माझाच श्वास रोखून धरायचो आणि क्षणभराने म्हणायचो, "काही नाही, सर. चला." असं दोन वर्षं तरी केलं असेल. ज्या नाकावर ते विसंबून होते ते नाक बंदच असायचं.

मग एका वर्षी गणपती गेल्यानंतर, गाडी हळू झाली की सर काच वर करून मागून बोलायचे तेव्हा, माझ्या खांद्यावरून वास यायला लागला. श्वास रोखायची सोय गाडीवर नसते. तो कांद्याचा नव्हता, मासळीचा नव्हता, माझ्या हिरड्यांसारखाही नव्हता. जुन्या जखमेची पट्टी सोडल्यावर येतो तसा होता. मी मनात म्हटलं, दाढ किडली असेल. मग म्हटलं, जाईल. रोज सकाळी कोपऱ्यावर ते तोंडासमोर यायचे, "खरं सांगायचं, हां," म्हणायचे, आणि मी, "काही नाही, सर."

दहादा तरी ओठांवर आलं. टाकीकडे बोलवायचं, हळू सांगायचं, एकदाच सांगायचं. त्यांनीच तर शिकवलं होतं. पण मला तो रुमाल आठवायचा, तो टाकीखालचा डबा आठवायचा, आणि आज नको, उद्या, असं व्हायचं.

पोरांच्या ध्यानात आलं होतं. वर्गात पुढचे बाक रिकामे व्हायला लागले. सरांनी मला विचारलंही, "पोरं मागं का सरली, हो?" मी म्हणालो, "पंखा मागे आहे ना, सर." ते थंडीचे दिवस होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, पंख्यावर नव्हता.

दहावीची एक मुलगी होती, ठाकरवाडीवरची. लहान असताना टाकीकडे चूळ भरायला जाणाऱ्यांपैकी. ती एकदा जिन्यात मला अडवून म्हणाली, "सर, तुमीच सांगा ना त्यांना."

"काय सांगू?"

तिने खाली बघितलं. "तुमाला ठावं हाय, सर. आमी पोरींनी कसं सांगायचं?"

मी तिला म्हणालो, अभ्यासाकडे लक्ष दे. हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

दिवाळीनंतर सरांचा कान दुखायला लागला. गिळताना त्रास व्हायचा. ते म्हणायचे, अक्कलदाढ असंल. संक्रांतीच्या सुमारास दुखणं फार वाढलं तेव्हा मी त्यांना कर्जतच्या त्याच डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेलो. ते खुर्चीत बसले, तोंड उघडलं. मॅडमच्या तोंडाला मास्क होता, तरी त्या क्षणभर मागे झाल्या. जीभ कापडात धरून त्यांनी पुढे ओढली, आत बघितलं, बराच वेळ बघितलं. मानेला हात लावून बघितला.

"वास कधीपासून येतोय?" त्यांनी विचारलं.

सर जीभ सोडवून अभिमानाने म्हणाले, "वास नाय, मॅडम. हे सर रोज सकाळी बघतात. एक दिवस चुकत नाय."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. सरांनीही माझ्याकडे बघितलं. मॅडमनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी मला.

"गणपतीपासून," मी म्हणालो.

"गणपतीपासून? आणि आत्ता आणताय?" एवढं बोलून त्या थांबल्या. हातातलं अवजार ट्रेमध्ये ठेवलं आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहायला बसल्या. जिभेच्या मुळाशी होतं ते. आरशात दिसणार नाही, काडी पोचणार नाही, अशा जागी. ज्या माणसाने जन्मात तंबाखूला हात लावला नाही त्याला. मागाहून इस्पितळात सांगितलं की तीन-चार महिने आधी आला असतात तर गोष्ट वेगळी होती. नेमकं किती वेगळी ते मी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

दवाखान्याबाहेर मी गाडी काढली. सर बसले नाहीत. हेल्मेट दोन्ही हातांत धरून उभे होते. मी म्हणालो, "सर, तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून मी..."

"वाटलं असतं," ते म्हणाले. "वाटू द्यायचं."

ते माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता. एखाद्या गोष्टीची खात्री करून घ्यावी तसं त्यांनी विचारलं, "मी तुमाला पैल्याच दिवशी सांगितलेलं ना, सर?"

"हो, सर."

त्यांनी हेल्मेट गाडीच्या सीटवर ठेवलं आणि एस.टी. स्टँडकडे चालू लागले.

मुंबईला विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचं ठरलं. शेकाने जबडा कमजोर होतो, मागाहून दात काढायला लागले तर जखम भरत नाही, म्हणून आधीच मागचे सगळे दात काढायचे असतात. सरांचे काढले. त्यांच्या भावाच्या बायकोने मला फोनवर सांगितलं, "डाक्टर म्हनला, असं दात आमाला बघायला मिळत नाय. येक किडलेला नव्हता." ती रडत होती.

शेवटचं भेटलो ते शिमगा होऊन गेल्यावर. तोवर दोनदा निघून अर्ध्या वाटेवरून परत आलो होतो. डोंगराच्या पायथ्याचं त्यांचं घर, पुढे ओटी. वहिनी अंगणात वाल सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "भावोजी कोनाला जवळ येव देत नाय, सर. पोरांना तर दाराच्या आत पाय ठेवू देत नाय. तिकडं खुर्ची ठेवलीय, तितंच बसा."

सर ओटीच्या टोकाला खाटेवर बसले होते. हाडं राहिली होती. तोंडावर ओला पंचा. शेकाने तोंडातलं पाणी आटलं होतं, घडीघडीला भांड्यातून घोट घ्यायला लागायचा. कोरडं तोंड म्हणजे कुजकं तोंड, हे सांगायला आता कोणाची गरज नव्हती. माझी खुर्ची चार हातांवर होती. उशाशी तो पत्र्याचा डबा. त्यांनी डब्याकडे आणि मग माझ्याकडे बोट केलं. मी म्हणालो, "नेतो, सर. आता मी फिरतो रांगेतून." त्यांनी नाकावर बोट ठेवलं आणि भुवया वर केल्या. मी म्हणालो, "हो, सर. उघडं ठेवून फिरतो."

मी खुर्ची उचलली आणि खाटेला लावून ठेवली. त्यांनी हात वर करून नको नको केलं. मी बसून राहिलो. त्यांनी मागेपुढे बघितलं, कोपऱ्यावर बघायचे तसंच. पंचा बाजूला केला, त्याच्या टोकाने ओठ पुसले, पुढे वाकले.

"हाऽऽ."

आवाज घोगरा झाला होता, पण शब्द कळले. "खरं सांगायचं, हां."

मी श्वास रोखला नाही.

"येतो, सर," मी म्हणालो. "वास येतो."

"कसा?"

मी सांगितलं. जुन्या जखमेच्या पट्टीसारखा, आणि आता त्यात औषधाचा मिसळलाय, आणि गणपतीला होता त्यापेक्षा खूप जास्त. सगळं सांगितलं. धडा म्हणून दाखवणाऱ्या पोराचं ऐकावं तसं ते डोळे मिटून ऐकत होते. माझं बोलून झाल्यावर त्यांनी मान हलवली.

"आता बरोबर," ते म्हणाले.

मग त्यांनी पंचा परत तोंडावर घेतला आणि मला त्रास नको म्हणून हाताने खूण केली, मागे सरका. मी खुर्ची चार हात मागे घेतली.